धुण्याच्या पावडरीचा निळा

ज्या निळ्या उजेडावर मला डॉक्टरेट मिळाली तो माझ्या रेणूचा नव्हता. तो कपडे धुवायच्या पावडरीचा होता. प्रबंध मान्य होण्याच्या आधीच हे मला कळलं होतं, आणि आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दारावरच्या पाटीत नावाआधी 'डॉ.' लावायला मी वर्षभर टाळाटाळ केली, ती विनयामुळे, असं ती आजही पाहुण्यांना सांगते. मी चहा ढवळत बसतो.

मी कमी बोलतो. यवतमाळात कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात आणि त्याला सोसायटीचा सचिव करतात. आमच्या घरात कचेरीची नोकरी तीन पिढ्यांची. आजोबा कोर्टात नाझर, वडील ट्रेझरीत. गैरसोयीचा कागद फाइलीत कितव्या पानाखाली सरकवायचा हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मी ती विद्या प्रयोगशाळेत वापरली, एवढीच माझी कर्तबगारी.

ती कापसाची वाईट वर्षं होती. देशभरातले कॅमेरे आमच्या जिल्ह्यात येऊन जायचे. पांढऱ्या गाड्यांचे ताफे सकाळी धूळ उडवत निघायचे, पाहणी करायचे आणि चहाच्या वेळेपर्यंत विश्रामगृहावर परतायचे. सगळा देश यवतमाळ पाहतोय आणि आपल्या महाविद्यालयाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, याचं आमच्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना फार वाईट वाटे. त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. माझे मार्गदर्शकही तेच. लोक मरत होते म्हणून गाड्या येत होत्या, हा तपशील सरांच्या दुःखात कुठे बसत नव्हता. माझ्याही बसत नव्हता, खरं सांगायचं तर. मी प्रबंध लिहीत होतो.

सरांनी कुठूनसा एक प्रकल्प मंजूर करून आणला होता. ओएलईडी पडद्यांसाठी गडद निळा प्रकाश देणारे सेंद्रिय पदार्थ तयार करणं. ज्या गावात भारनियमनामुळे दुपारभर पंखा फिरत नसे, तिथं आम्ही उजेडाचा रंग ठरवायला बसलो.

काम मुळात सुंदर आहे, हे मी आजही म्हणेन. अशा पडद्यात मागे दिवा नसतो. काचेवर सेंद्रिय पदार्थाचा एक पापुद्रा असतो, त्यातून वीज गेली की तो पदार्थ स्वतःच उजळतो. लाल आणि हिरवा उजेड देणारे रेणू त्या मानानं लवकर हाती लागतात. निळा अवघड, आणि गडद निळा तर फारच हट्टी. त्याला ऊर्जा जास्त लागते, आणि रेणू एकमेकांना जरा चिकटले की उजेड आकाशीकडे, हिरवटाकडे घसरतो. म्हणून रेणूची रचना करतानाच त्याच्या दोन्ही अंगांना अवजड गट जोडायचे. एसटीच्या बाकावर एखादी बाई दोन्ही बाजूंना पिशव्या मांडून बसते, म्हणजे कुणी खेटत नाही, तसं. माझा रेणू अँथ्रासीन या संयुगावर बेतलेला होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना मी अशा पिशव्या लावल्या होत्या. त्या लहान पडत होत्या. पण ते कळायला आधी बाटली स्वच्छ असायला हवी होती.

आणि बाटली स्वच्छ नव्हती. उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा आला तर आला. काचसामान धुवायचं खास द्रावण मागवायचं, तर मागणीपत्रावर तीन सह्या. गाळणनळीच्या तळाशी घालायला कापसाचा बोळा हवा असला तरी तीन सह्या. बाहेर जिनिंगच्या आवारात कापसाचे डोंगर पडलेले. आमचे परिचर लोहाऱ्याचे होते, माझ्याहून वयानं मोठे, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊंनी आपल्यापुरता मार्ग काढला. घरी कपड्यांना वापरत तीच पावडर ते कागदाच्या पुडीत आणायचे, एका बादलीत फेस करायचे, बाटल्या त्यात बुचकळायचे आणि दुसऱ्या बादलीतल्या पाण्यातून एकदा काढायचे. बाटल्या तरी कसल्या, दवाखान्यातून मागून आणलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या. दुसऱ्या बादलीतलं पाणी दुपारपर्यंत ताकासारखं व्हायचं.

"भाऊ, अजून एकदा विसळा ना," मी कधीतरी म्हणायचो.

"कायनं विसळू सर? थुकीनं? नळ येऊन राह्यला शुक्रवारी. तुमी एक बादली भरून आना, मी धा खेपा विसळतो."

मी बादली आणली नाही. बादली उचलणं हे आमच्या विभागात व्याख्यात्याचं काम समजलं जात नव्हतं.

कपड्यांच्या पावडरीत काय असतं ते मला माहीत होतं. पिवळट कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून त्यात एक उजळद्रव्य घातलेलं असतं. ते डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश घेतं आणि निळा प्रकाश देतं. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला हे मी शिकवायचो. फळ्यावर लिहून द्यायचो. पोरं उतरवून घ्यायची.

भांडारघराच्या खिडकीला काळं कापड ठोकून आम्ही अंधारी खोली केली होती. अतिनील दिव्याखाली माझी बाटली पहिल्यांदा धरली तेव्हा आत सर होते, मी होतो आणि एक तरुण सहकारी बाई होती. तिच्याबद्दल सांगतोच. बाटली अशी निळी उजळली की सर पार तिच्यावर वाकले. "क्या बात है!" ते म्हणाले. तेवढ्यात भाऊ चहा घेऊन आत आले, आणि अंधारात त्यांचा सदरा तसाच निळा पेटला. कॉलर, बटणपट्टी, खिसा, सगळं.

भाऊंनी खाली मान घालून स्वतःकडे पाहिलं. "घ्या! माह्या सदऱ्यालेबी पीएचडी देऊन टाका सर आता."

आम्ही हसलो. सर तर डोळे पुसेपर्यंत हसले. दोन उच्चशिक्षित माणसं एका सदऱ्याकडे बोट दाखवून हसत होती आणि उत्तर त्या सदऱ्यावर होतं. ती मात्र हसली नाही. ती एकदा सदऱ्याकडे आणि एकदा बाटलीकडे पाहत राहिली.

ती बोरी अरबहून रोज एसटीनं यायची. तासिका तत्त्वावर शिकवायची, आणि कायम व्हायचं तर पीएचडी हवी म्हणून तिनंही सरांकडेच नोंदणी केली होती. घर बौद्ध, आजोबांच्या पिढीत धम्म घेतलेलं; त्या घरातली पहिली एमएस्सी ती. तिला नेमून दिलेलं काम असं की माझाच रेणू आधी नव्यानं तयार करायचा आणि मग त्याला पुढचे गट जोडून निळा आणखी गडद करायचा. म्हणजे तिचं घर माझ्या जोत्यावर उभं राहायचं होतं.

आमचं धुणं पाहून ती पहिल्याच महिन्यात विटली. घरून पाच लिटरची कॅन भरून आणायला लागली. दारव्ह्याहून भरून आलेल्या गाडीतली गर्दी, मांडीवर पर्स, पायात पाण्याची कॅन. आपलं काचसामान ती स्वतः धुवायची, पावडर न लावता, आधी मिथेनॉलनं आणि मग चार पाण्यांनी.

"काय मॅडम, घरचं पाणी?" सर एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. "आमच्या पाण्याचा विटाळ होतो काय?"

स्टाफरूम हसली. मीही ओठ ताणले.

कॅनचं झाकण फिरवत ती म्हणाली, "विटाळ हा तुमच्याकडचा शब्द आहे सर. आमच्याकडे नुसतं साफ असते, नाहीतर घाण असते."

हसू जागच्या जागी विझलं. सरांनी ते मनात ठेवलं. सर अभ्यासक्रम सोडून काहीच विसरत नसत.

तिनं माझा रेणू तयार केला. दिव्याखाली तो आकाशी उजळला, कडेला हिरवट. तिनं पुन्हा केला. पुन्हा आकाशी. तिसऱ्या खेपेला सरांनी तिची बाटली आणि माझी बाटली शेजारी शेजारी ठेवली आणि आम्हा दोघांना बोलावलं.

"हे पाहा, आणि हे पाहा," ते म्हणाले. "फरक हाताचा आहे, मॅडम. हाताला सफाई लागते. ती पुस्तकातून येत नाही. काही घरांत असते, काही घरांत नसते."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, एवढं मला दिसलं. त्या संबंध विभागात त्या क्षणी एकच स्वच्छ बाटली होती आणि ती तिची होती. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. आठ दिवसांनी माहीत झालं, म्हणून ही सबब मी एवढीच वापरतो.

त्या आठ दिवसांतच कधीतरी ती व्हरांड्यात माझ्याजवळ आली.

"सर, एक विचारू? तुम्ही रिकामी बाटली पाहिली काय?"

"म्हणजे?"

"तुमच्या बाटल्यांतली एखादी. रेणू न टाकता, नुसतं मिथेनॉल. भाऊंच्या सदऱ्याचा निळा अन् तुमचा निळा, मले एकच वाटून राह्यला."

"पाहतो."

"तुम्हीच पाहा. मी पाहिलं तर म्हणतील, जळते. समितीच्या पुढच्या बैठकीत माझी नोंदणी रद्द करायची म्हणून राह्यले सर. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"पाहतो म्हटलं ना."

पुढच्या मंगळवारी दुपारी विभाग रिकामा होता. दिल्लीहून आलेल्या पाहणी पथकातले एक साहेब महाविद्यालयाला भेट देणार होते आणि सगळे स्वागताला फाटकाशी गेले होते. मी भाऊंनी धुतलेली एक बाटली घेतली, तीत नुसतं मिथेनॉल ओतलं, हलवलं आणि अंधाऱ्या खोलीत दिव्याखाली धरली.

निळी. गडद, खोल, प्रबंधातल्या आकड्याला साजेशी निळी. आत माझा रेणू नव्हता. आत काहीच नव्हतं, भाऊंची पावडर सोडून.

बाटली अजून दिव्याखालीच होती, तेवढ्यात दार उघडलं. सर, त्यांच्या मागे साहेब, त्यांच्या मागे हारतुऱ्यांचा वास. माझ्या हातात उजळलेली बाटली पाहून सरांचा चेहरा खुलला. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ये देखिए सर! हमारा जिला सिर्फ सफेद नहीं है, नीला भी है."

साहेबांनी बाटली डोळ्यांजवळ नेली. "ब्यूटिफुल," ते म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "इसका कपास को कुछ फायदा?"

"आगे चलके, सर," सर म्हणाले. "आगे चलके."

साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. मी म्हणू शकलो असतो की ही रिकामी बाटली आहे. चार शब्दांचं वाक्य झालं असतं. मी म्हणालो, "थँक्यू सर."

ते गेल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. कोपऱ्यात तिची कॅन राहिली होती; फाटकावरूनच तिनं एसटी गाठली होती. कॅनमधलं पाणी घेऊन मी तीच बाटली तिच्या पद्धतीनं धुतली, आधी मिथेनॉलनं, मग चार पाण्यांनी. नवं मिथेनॉल ओतून दिव्याखाली धरली. काळीकुट्ट, जशी असायला हवी तशी. मग तीत माझा रेणू टाकला. आकाशी, कडेला हिरवट. तंतोतंत तिच्यासारखा. मी बाटली मोरीत उपडी केली, हात पुसले आणि कँटीनला जाऊन समोसा खाल्ला. मला तो आवडलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, कॅन उचलली आणि थांबली. कॅन कितपत भरलेली आहे ते रोज चाळीस किलोमीटर ती वागवणाऱ्या माणसाला हातालाच कळतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जर्नल चाळायला लागलो. ती कॅन घेऊन मोरीकडे गेली. मला वाटतं, ती माझी वाट पाहत होती. बैठकीपर्यंत वाट पाहावी इतका तिचा माझ्यावर विश्वास होता, ही गोष्ट मला आजही उचलवत नाही.

बैठकीला विद्यापीठाच्या संशोधन समितीचे तिघे होते, सर होते, आणि रेणू माझा म्हणून मलाही बोलावलं होतं. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, फाइल मांडीवर घेऊन. माझा प्रबंध तेव्हा विद्यापीठात सादर झालेला, तोंडी परीक्षा व्हायची होती. मी खरं बोललो असतो तर तिची नोंदणी वाचली असती आणि माझा प्रबंध परत आला असता. इतकं सोपं गणित होतं. मला ते सोडवायला पाच मिनिटंही लागली नव्हती.

समितीतल्या एकानं विचारलं, "या मॅडमना तुमचा रेणू जमत नाही म्हणतात. तुमचं मत?"

मी म्हणालो, "शुद्धतेचा प्रश्न असावा."

हे वाक्य खोटं नव्हतं. कुणाची शुद्धता ते मी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही, कारण त्या खोलीत सगळ्यांनी आपापलं उत्तर आधीच ठरवलेलं होतं. तीन पिढ्यांच्या कारकुनीनं घासूनपुसून तयार केलेलं वाक्य. त्याच्यावर मला मनातल्या मनात जरा अभिमान वाटला, हेही लिहून टाकतो.

ती म्हणाली, "या सरांना विचारा, मंगळवारी माझ्या कॅनमधलं पाणी कुठे गेलं."

समितीला काही कळेना. सर खुर्चीत मागे रेलले. "घ्या! आता पाण्याची चोरी! रसायनशास्त्र राहिलं बाजूला." तिघेही हसले. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत होतो. त्यावर विणलेली जाळी होती, चार मणी लावलेली.

तिची नोंदणी रद्द झाली. पुढच्या सत्रात तिला तासिकाही मिळाल्या नाहीत. जाताना ती भाऊंना भेटून गेली, मला नाही. कॅन विभागातच राहिली. भाऊंनी पुढे ती फिनाइलला वापरली.

माझी तोंडी परीक्षा छान झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निळ्याचं कौतुक केलं आणि इथलं वांग्याचं भरीत कुठे चांगलं मिळतं ते विचारलं. शाल, नारळ, हार. सरांनी भाषणात पांढरं सोनं आणि निळं सोनं असा काहीतरी मेळ घातला, टाळ्या पडल्या. शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकात छापून आला. तो आजही तिथं आहे, आकड्यांसकट. कुठेतरी कुणीतरी तो वाचून माझा रेणू करून पाहिला असणार. त्याला आकाशी मिळाला असणार. आणि त्यानं आपल्या हाताला दोष दिला असणार. असे किती हात मी खराब ठरवले ते मला ठाऊक नाही.

सर सन्मानानं निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीत आता मी बसतो. काचसामान धुवायचं द्रावण मी नियमित मागवतो. त्याला अजूनही तीन सह्या लागतात. एक माझी असते, आणि ती मी चहाचा घोट घेता घेता करतो. माणूस इतका सहज जगतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर कदाचित मी जास्त घाबरलो असतो.

गेल्या हिवाळ्यात उमरखेडला शालेय विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. एका टेबलाशी दोन मुली उभ्या होत्या, काळ्या रंगानं रंगवलेला खोका, आत अतिनील दिवा. मागे त्यांच्या बाई उभ्या. केस पांढरे झालेले, पण पाहणं तेच. मी ओळखलं. तिनं तर मी दारातून आलो तेव्हाच ओळखलं असावं.

"सांगा गं सरांना," ती मुलींना म्हणाली.

एका मुलीनं खोक्यात एक बाटली ठेवली. ती उजळली नाही. "सर, ही रिकामी आहे. आमच्या बाई म्हणते का पहिले रिकामी दाखवायची. मंग भरलेली. नाहीतर काही खरं नाही." मग दुसरी बाटली, कपड्यांच्या पावडरीच्या पाण्याची. निळी. अगदी तीच.

"छान," मी म्हणालो.

"अजून काही विचारायचं आहे काय सर?" तिनं विचारलं. अगदी साधा आवाज. टोमणा नव्हता. वीसेक वर्षांनंतरही तिनं मला आणखी एक संधी दिली होती, दोन शाळकरी मुलींच्या देखत.

"नाही, नाही. फार छान," मी म्हणालो आणि पुढच्या टेबलाकडे वळलो. तिथं थर्माकोलचा ज्वालामुखी होता.

पहिला नंबर त्या मुलींचा होता, यात दोन मतं होण्यासारखं काही नव्हतं. पण पहिल्या नंबराचा फोटो परीक्षकासोबत आणि मार्गदर्शक शिक्षकासोबत काढतात. मी त्यांना दुसरा दिला. पहिला ज्वालामुखीला.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी हे सगळं मनात लिहायला घेतलं, आणि आज कागदावर उतरवलं. लिहिल्यानं काही फिटत नाही, हे मला कळतं. त्या नियतकालिकाला शोधनिबंध मागे घेतो असं पत्र मी अजून पाठवलेलं नाही. विद्यापीठाला तिची नोंदणी कशावरून रद्द झाली ते कळवलेलं नाही. आणि तिला समोर जाऊन हे सांगितलेलं नाही की त्या मंगळवारी तुमच्या कॅनमधलं पाणी मी घेतलं होतं, रिकामी बाटली मी पाहिली होती, आणि तुमचा हात बरोबर होता. हे तिन्ही माझ्याकडून येणं बाकी आहे.